ड गटाची अंघोळ

मार्तंड गजभियेने मुंबईहून आलेल्या सचिवसाहेबांच्या डोक्यावर भर सकाळी, सगळ्या कार्यालयाच्या देखत, मूठभर धूळ चाळली. मलमलीच्या फडक्यातून, सावकाश, चारी अंगांनी सारखी बसेल अशी. हे एकदा सांगून झालं. आता ते विसरून जायचं, कारण तसं काही घडलंच नाही. चौकशी झाली, जबाब झाले, आणि त्या वेळी रोपवाटिकेच्या आवारात एक लहानशी वावटळ शिरली होती असं सर्वानुमते ठरलं. वावटळीवर कारवाई करायची तरतूद सेवानियमांत नाही.

घडलं ते एवढंच, की मार्तंड सकाळी सायकल भिंतीला टेकवून आत आला आणि पानं चकाकत होती. त्र्याहत्तर सालचा मे महिना. आदल्या वर्षी पाऊस नुसता हजेरीची सही करून गेला होता, आणि नागपुरात चकाकण्यासारखं काही उरलं नव्हतं. सदर भागातल्या दुकानांच्या काचा, उभ्या मोटारींची टपं, रस्त्याकडेची झाडं, माणसांच्या भुवया, सगळ्यांवर एकच पिवळट साय धरलेली. आणि या अख्ख्या शहरात नेमकी जी रोपं मळकी ठेवण्याचा सरकार मार्तंडला पगार देत होतं, ती तेवढी न्हाऊनमाखून पोळ्याच्या बैलासारखी ओळीने उभी होती. कुंड्यांना गेरू, गेरूवर चुन्याची रेघ. पानांच्या टोकांना पाण्याचा एकेक थेंब लोंबत होता. मार्तंडला आधी आपल्याला तहान लागली आहे हे कळलं, आणि मग, बऱ्याच उशिरा, राग आला. रागाची त्याची त्यालाच लाज वाटली. कारण तो राग ती रोपं जिवंत दिसत होती याचा होता.

हे केंद्र झाडांवर संशोधन करायचं, म्हणजे मुख्यतः झाडांविषयीच्या कागदांवर. सडकेच्या कडेला दरवर्षी समारंभाने लावलेली रोपं दरवर्षी समारंभाशिवाय मरतात, ती का, हा प्रश्न कधी नव्हे तो कुणालातरी वरती पडला, आणि उत्तर शोधायला मार्तंड नावाचा हंगामी सहायक नेमला गेला. त्याने सदरमधल्या एका करंजाखाली उकिडवं बसून शेंगा वेचल्या. सगळ्या त्याच एका झाडाच्या. शेजारच्या पानवाल्याने विचारलं, काय हरवलं साहेब? मार्तंड म्हणाला, काही नाही. एकाच झाडाचं बी घेतलं म्हणजे उद्या कुणी उठून म्हणायला नको की अमक्याचं बी चांगलं होतं आणि तमक्याचं वाईट. या एका गोष्टीवर त्याने असा काही जीव टाकला होता, की बाकी प्रयोग तिच्यासाठीच रचला असावा असं वाटावं. आणि तसंच होतं. रोपं वीतभर झाली तसे त्यांचे चार गट केले. अ गटाला पाणी, धूळ नाही. ब गटाला पाणी आणि धूळ. क गटाला पाण्याचे हाल, पण अंग स्वच्छ. ड गटाला धूळ, आणि मरण जरा लांबेल इतकंच पाणी. रोज सकाळी तो ब आणि ड गटांवर मलमलीतून धूळ चाळायचा, मग मऊ कुंचल्याने पानांच्या खालच्या अंगालाही लावायचा, कारण सडकेवरची धूळ काही फक्त आभाळातून पडत नाही. कोवळं पान दोन बोटांवर अलगद उलटं धरायचं आणि त्याला माती माखायची. बाळाला पावडर लावावी तसं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, किती माया आहे या माणसाला.

धूळ त्याने कन्हानहून, आपल्या गावातून, आणली होती, कोळशाच्या वाघिणी उतरतात त्या रेल्वे सायडिंगवरून, पोत्यात भरून. नागपुरात धुळीचा काय दुष्काळ होता? पण प्रयोगाला सगळी धूळ एका जागेची लागते, असं त्याने केंद्रप्रमुखांना सांगितलं आणि ते खरंही होतं. एसटीत पोतं चढवताना कंडक्टरने अडवलं.

"काय हाये पोत्यात?"

"धूळ."

"कुठं नेऊन राहिला?"

"नागपूरले."

कंडक्टरने त्याच्याकडे, मग पोत्याकडे, मग खिडकीबाहेरच्या नागपूरच्या दिशेकडे पाहिलं. "तिथली सरली का?" एवढंच विचारून त्याने घंटी ओढली. सारी एसटी हसली. मार्तंडही हसला, आणि पायांत ते पोतं धरून बसला, जसा लहानपणी तो त्याच रस्त्यावर जयाच्या दोन गुडघ्यांत बसायचा.

जया त्याची मोठी बहीण. मोठी म्हणजे वयाने. बाप लवकर गेला, मग ती सायडिंगवर कोळशाच्या पाट्या वाहू लागली आणि मार्तंड शाळेत जाऊ लागला. छप्पन साली आई तुळसाबाई दोघांना घेऊन दीक्षेला नागपूरला आली, पांढरं लुगडं नेसून, आणि परत गेल्यावर घरातले सगळे देव तिने कन्हान नदीच्या पात्रात सोडले. मार्तंडच्या नावातला तेवढा राहून गेला, कारण तो शाळेच्या दाखल्यावर होता आणि हेडमास्तर म्हणाले, एकदा लिहिलेलं खोडता येत नाही. त्या दिवसानंतर आईने ठरवलं की मुलगा शिकणार. ठरवलं म्हणजे घरातल्या दुधाचं, भाकरीचं, दिव्याजवळच्या जागेचं एकदाच वाटप झालं आणि मग त्यावर पुन्हा चर्चा झाली नाही. जयाने तर कधीच केली नाही. ती संध्याकाळी यायची तेव्हा तिचे फक्त डोळे आणि दात घरात शिरायचे. बाकीची जया नळावर बसून धुऊन काढावी लागायची, आणि नळाला पाणी असेलच असं नाही. खोकताना ती तोंड दुसरीकडे करायची. धाकटा मार्तंड उंचीने तिच्या खांद्यावरून पुढे गेला तेव्हा एकदा ती त्याच्या शेजारी टाचा उंचावून उभी राहिली आणि म्हणाली, "मारत्या, तू माह्या वाटचाही वाढून राहिला गा." हा विनोद होता. तिघंही हसले होते. मार्तंडला पुढे विज्ञानाच्या कॉलेजात, प्रयोगात तुलनेसाठी एक सुखी गट ठेवावा लागतो असं शिकवलं, तेव्हा बाकावर बसल्या बसल्या त्याला एकदम ते हसू ऐकू आलं होतं. त्याच वर्षी ती गेली. ठेकेदाराच्या डॉक्टरने मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं, मूळचीच अशक्त. धूळ हा शब्द त्यात नव्हता. आईला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं काय लिवलं, आणि मार्तंडने सांगितलं, ताप.

मूळचीच. त्या शब्दाशी त्याचं भांडण होतं, आणि सरकारी पैशाने, सरकारी कुंड्यांत, गेले कित्येक महिने तो ते भांडत होता. आणि तो जिंकत आला होता. ब गट धुळीतही तगला होता, कारण प्यायला मिळत होतं. क गटाने पानं टाकली, पण काड्या हिरव्या होत्या. तहानलेलं रोप आपल्या पानांवरची बारीक बारीक तोंडं मिटून घेतं, आतला ओलावा आत धरून ठेवतं, आणि बऱ्या दिवसांची वाट पाहतं. ड गटाला ते जमत नव्हतं. त्या तोंडांत धुळीचा कण अडकलेला. मिटायला जावं तर मिटत नाही. आतलं होतं नव्हतं ते पाणी त्या फटीतून रात्रंदिवस उडून जातं. तहानेने मरत असताना तोंड उघडं राहतं म्हणून मरायचं. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मार्तंड बराच वेळ डोळा काढू शकला नव्हता. बी एकाच झाडाचं. अ गटात तेच बी कंबरेपर्यंत आलेलं, ड गटात तेच बी काळवंडून मान टाकलेलं. आता नुसता अहवाल लिहायचा होता. जयाचं नाव त्यात येणार नव्हतं, पण जया येणार होती.

पाण्याचा टँकर दर दोन दिवसांनी केंद्रात यायचा, अ आणि ब गटांसाठी. बाहेर फाटकाशी बाया हंडे घेऊन उभ्या असायच्या आणि चौकीदार त्यांना शास्त्र समजावून सांगायचा. त्यांच्यात तुळसाबाईही एकदोनदा होती, आता ती मुलाजवळ नागपुरातच राहायची. मुलगा आत आहे म्हणून तिला जास्त मिळेल असं इतर बायांना वाटे, आणि मुलगा आत आहे म्हणूनच तिला मिळत नसे. तिने एकदा सगळा प्रयोग मुलाकडून समजून घेतला होता, ओसरीवर बसून, पंख्याने वारा घेत. कुणाला पाणी, कुणाला धूळ, कुणाला काय. नीट ऐकून घेऊन म्हणाली, "मले टाक ना गा तुह्या अ गटात." मग थोड्या वेळाने, पंखा थांबवून, "आन् त्या चौथ्या गटाचं काय चुकलं होतं?" मार्तंडने सांगितलं, काहीच नाही, म्हणून तर प्रयोग आहे. ती उठून आत गेली.

आणि आता ड गट चकाकत होता. माळी चंपतराव हातात झारी घेऊन, आपलं काम पाहत, नवरदेवाच्या बापासारखा उभा होता. त्याच्याकडून कळलं ते असं, की मुंबईहून सचिवसाहेब पाहणीला येणार, केंद्रप्रमुख देशकरसाहेबांनी काल संध्याकाळी निरोप धाडला की सगळं लख्ख पाहिजे, आणि चंपतरावाने पहाटे उठून टँकरातलं पाणी घेऊन एकेक पान हाताने चोळून धुतलं.

"ती धूळ मी टाकत होतो, चंपतराव."

"पाहत होतो ना म्या रोज. मले वाटे तुमी पावडर मारून राह्यले, किड्याची. मंग म्हटलं, गुण त येऊन नाई राह्यला, पोट्टे त मरूनच राह्यले. धुऊन देल्लं."

"आणि वाळलेली होती ती?"

"उपटले. मेलेलं लेकरू पाव्हण्यापुढं मांडते का गा कोणी? अ मधले जास्तीचे पडले होते, ते लावून देल्ले तेथं. पाहा, वळखू येते का?"

ओळखू येत नव्हतं. ड गटाच्या पाटीमागे अ गटाची रोपं छाती काढून उभी होती, आणि मधूनच एखादं खरं ड गटातलं, आयुष्यात पहिल्यांदा पोटभर पाणी प्यालेलं, मान वर करायच्या प्रयत्नात होतं. मार्तंडला चंपतरावाच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. पण त्याच्या डोळ्यांपुढे दुसरीच सकाळ आली. सायडिंगवर कामगारांची पाहणी करायला कुणी इन्स्पेक्टर येणार होता, तेव्हा ठेकेदाराने सगळ्या पोरींना पाण्याचा टँकर उभा करून आंघोळी घातल्या होत्या, लाल साबण वाटला होता. जया घरी आली ती उन्हासारखी. आईने तिला दारातच उभी करून पाहिलं, गालावरून हात फिरवला. मार्तंडने तिच्या मानेला नाक लावून वास घेतला होता. तो इतका खूश होता की इन्स्पेक्टर रोज यावा असं म्हणाला. इन्स्पेक्टरने शेरा दिला, सर्व कामगारांची प्रकृती उत्तम. तो खोटं बोलला नव्हता; त्याने जे पाहिलं ते लिहिलं. साबणाचा वास दोन दिवस टिकला. चंपतरावालाही कुणी खोटं म्हणू शकलं नसतं. दुष्काळात पाण्याने रोपं न्हाऊ घालणारा माणूस, त्याला काय म्हणायचं? उपटलेली कुठे टाकली एवढंच मार्तंडने विचारलं. मागे, शेडजवळ, ढिगात. बरं, मार्तंडने स्वतःला सांगितलं, ढिगात आहेत, पानांवर धूळ आहे, मुळं आहेत. कागदात गुंडाळून ठेवू. मेलेली आहेत, पळून जाणार नाहीत. तेवढ्यात फाटकातून मोटार आत आली.

देशकर, डॉक्टर मधुसूदन देशकर, स्वच्छ पांढऱ्या बुशशर्टात पुढे झाले. माणूस वाईट नव्हता. हा त्यांच्याबाबतचा सगळ्यात मोठा त्रास होता. सचिवसाहेबांनी रुमालाने कपाळ पुसत ओळीवरून चालायला सुरुवात केली आणि ड गटापाशी थांबले, कारण गेरू तिथे सर्वात ताजा होता. देशकर म्हणाले, ही धूळ आणि अवर्षण दोन्ही सोसलेली रोपं. सचिवसाहेबांचा चेहरा उजळला. अख्ख्या विदर्भाच्या दौऱ्यात त्यांना कुणी हिरवं काही दाखवलं नव्हतं. म्हणजे पाणी नसलं तरी चालतं? म्हणजे टँकर वाचतील? म्हणजे धुळीची झाडांना सवय होते? देशकरांनी रोपांकडे पाहिलं, मग मार्तंडकडे पाहिलं, आणि मार्तंडला दिसलं की त्यांना कळलं आहे. ड गट असा दिसणं शक्य नाही हे त्यांना त्या क्षणी पक्कं कळलं. मग ते पुन्हा सचिवसाहेबांकडे वळले.

"झाडं चिवट असतात साहेब."

"काही मेली असतील ना पण?"

"गेली असतील थोडी. काही बी मूळचंच अशक्त असतं."

मार्तंडने पाहिलं, चंपतरावाने झारी खाली ठेवली. एक कावळा टँकरच्या गळक्या तोटीखाली चोच उघडून बसला होता. सचिवसाहेब म्हणाले, पण धूळ कुठे दिसत नाही ती, आणि देशकर घाईने म्हणाले, "गजभिये, साहेबांना धूळ कशी देता ते दाखवा जरा." मार्तंडने कोनाड्यातून मलमलीचं फडकं घेतलं, पोत्यातून मूठभर कन्हान घेतलं, आणि दाखवलं. इथे ती न घडलेली गोष्ट येते. एवढंच सांगता येईल की त्या वेळी सचिवसाहेब काहीतरी बोलायला तोंड उघडून उभे होते आणि नंतर काही काळ त्यांना ते मिटता आलं नाही. भुवयांवर, ओठांवर, तेल लावून मागे फिरवलेल्या केसांवर ती काळसर, मऊ, अगदी सारखी बसली. मार्तंडच्या मनात राग नव्हता. हाताला सवय होती. कुंचला नव्हता म्हणून खालची अंगं राहून गेली, एवढंच त्याला वाटलं.

"वावटळ," देशकर म्हणाले. पानही हलत नव्हतं. "मेमध्ये अशा येतात साहेब, एकदम." सचिवसाहेबांनी डोळे पुसले. आपल्या डोक्यावर कुणी माणूस मुद्दाम धूळ चाळतो हे त्यांच्या अनुभवात बसत नव्हतं, आणि वावटळ बसत होती. ते म्हणाले, हो, मला वाटलंच. आणि सगळे चहाकडे वळले.

मार्तंड शेडमागे गेला तो कागद घेऊन, गुंडाळायला. ढीग नव्हता. तीन विटांची चूल होती, तिच्यावर पाहुण्यांच्या चहाचं पातेलं, आणि चुलीत ड गट. वाळलेला असल्यामुळे छान पेटला होता. चंपतराव वाकून फुंकर घालत म्हणाला, दुसरं लाकूड कुठं हाये आता गावात. चहा उत्तम झाला. सचिवसाहेबांनी दोनदा घेतला.

पुढे सगळं चांगलंच झालं. अहवाल निघाला, धूळ व अवर्षण यांचा करंजाच्या रोपांवर होणारा अनुकूल परिणाम. त्यावर देशकरांच्या नावाखाली मार्तंडचं नाव आलं. सडकांच्या कडेला त्या वर्षी पाण्याची तरतूद न ठेवता करंज लावायचं ठरलं. वावटळीची फाइल बंद झाली, आणि देशकरांनी मार्तंडला खोलीत बोलावून कायम केल्याचा हुकूम स्वतःच्या हाताने दिला. बसा म्हणाले. पाणी मागवलं. मार्तंडने पेल्याकडे पाहिलं आणि तो पुरा प्याला. तहान लागली होती. देशकर खरोखरच गहिवरले होते. म्हणाले, तुम्ही कुठून कुठे आलात गजभिये. मूळ चांगलं असलं की माणूस धुळीतूनही वर येतो.

"माझी बहीण नाही आली, सर. तेच मूळ होतं."

"असं? कुठे असते?"

"कन्हानला राहिली."

"मग आणा की एकदा तिला," देशकर म्हणाले. "केंद्र दाखवू."

मार्तंडने हुकुमाची पोच म्हणून जिथे सांगितली तिथे सही केली. घरी तुळसाबाईने वस्तीत साखर वाटली आणि सगळ्यांना सांगितलं की मुलगा पर्मनंट झाला, आता त्याले कोणी हलवू शकत नाई. रविवारी तो ओसरीवर पाटावर कागद ठेवून लिहायला बसला, तेव्हा ती शेजारी येऊन टेकली. काय लिहून राहिला विचारलं. अर्ज, तो म्हणाला. "पर्मनंट त झाला. आता काहेचा अर्ज?" त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, की धूळ होती, ते उन्हात कळत नव्हतं. मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिला दाखल्यावर खरं काय लिहिलं होतं ते सांगितलं. तिने ना डोळ्यांना पदर लावला, ना त्याला शिवी दिली. एवढंच म्हणाली, "अशक्त? थे त दोन पाट्या उचले." आणि म्हणाली, "लेह्य."

प्रति, मा. संचालक यांस, योग्य मार्गाने, म्हणजे डॉ. देशकर यांच्यामार्फत. विषय: मेलेल्यांना मेलेले समजण्याबाबत. उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, ड गटातील मूळ रोपे निरोगी बियांपासून उगवली होती. ती प्रयोगाच्या कालावधीत धूळ व पाण्याचा अभाव या कारणांनी मेली असून पाहणीच्या दिवशी चहासाठी जाळण्यात आली, सबब पुरावा सोबत जोडता येत नाही. अहवालात हिरवी म्हणून नमूद केलेली रोपे अ गटातील आहेत. अर्ज करणाराही अ गटातील आहे. तरी सदर अहवाल मागे घेऊन मृत रोपांची संख्या त्यांच्या नावे पूर्ववत करण्यात यावी, यापुढे कोणत्याही पाहणीपूर्वी कोणासही आंघोळ घालण्यात येऊ नये, आणि त्याच आधारे कन्हान येथील कु. जया गजभिये हिच्या मृत्यूच्या दाखल्यातील "मूळचीच" हा शब्द कमी करून मिळावा, ही नम्र विनंती.